उखाण्यात उघडलेली तिजोरी

शेजाऱ्यांनी विश्वासाने सांगितलेली तिजोरीची किल्ली मी भर हळदीकुंकवात उखाण्यात घेतली. वर टाळ्याही मिळवल्या. ही काही फार जुनी गोष्ट नाही. तेव्हा मी जेमतेम सत्तरीची होते, आणि त्या वयात बायकांना आपल्याला सगळं जमतं असं वाटत असतं. आता वय झालं, थोडी अक्कल आली, म्हणून सांगायची हिंमत करते.

ज्यांची ती तिजोरी, ते गृहस्थ आमच्या शेजारच्या घरात राहायचे. मलाजखंडच्या तांब्याच्या खदानीत इलेक्ट्रिकचे फोरमन होते. रिटायर झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सोडून बालाघाटला आले, म्हणून सारा मोहल्ला त्यांना 'खदानवाले काका' म्हणायचा. मी भाऊजी म्हणायची. बायको गेलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन रायपूरला. माणूस सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री, आणि शर्टाच्या खिशात फोन. बोलता बोलता त्या खिशावर दोन बोटं वाजवायची त्यांना सवय होती. कुणी विचारलं, "काका, तुमचा तो क्रिप्टोचा पैसा आहे तरी कुठं?" की बोटं खिशावर जायची आणि ते म्हणायचे, "इथंच हाय, अन् कुठीच नाई."

एखाद्या गोष्टीचा ध्यास घेतला की भेटेल त्याला ती पटवून दिल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाला होमिओपॅथीचा ध्यास असतो, कुणाला देशी गाईचा. भाऊजींचं म्हणणं एकच होतं. उद्या साधा भाजीपाला, मीठमिरचीसुद्धा माणसं ह्याच पैशाने घेतील. हा पैसा ना नोट, ना नाणं. बँकेत नाही, सरकारची सही नाही.

संध्याकाळी मी ओट्यावर लसूण सोलत बसले की ते कुंपणाशी येऊन उभे राहायचे.

"वहिनी, मले सांगा, पैसा म्हंजे काय?"

"जो तुमच्या पेन्शनीत येते अन् माझ्या भाजीत जाते, तो."

"नाई. समोरचा जे घेते, तो पैसा. बस."

मग ते त्यांच्या लहानपणात जायचे. त्यांचं गाव बिरश्याकडचं. आठवडी बाजारात त्यांची आई टोपलीभर वाळलेली मोहाची फुलं घेऊन जायची आणि मिठाची पुडी घेऊन यायची. "मोहावर कोन्या राजाचा छाप होता का? मीठवाला घेत होता, म्हनून तो पैसा. हेही तसंच हाय."

हे मला नाकारता येईना, कारण मीही त्याच मुलखातली. माझं माहेर लांजीचं. आमच्या दारावर मुरमुऱ्याचे लाडू विकणारा यायचा आणि आम्ही पोरी फ्रॉकच्या ओच्यात कोठीतलं धान घेऊन धावायचो. मापभर धानाला दोन लाडू. मी जरा जास्तच हुशार. खाली मूठभर भुसा आणि वर धान घालून त्याच्या मापात ओतायची. तो बिचारा माप तसंच पोत्यात रिकामं करायचा.

हे सांगितल्यावर भाऊजी कुंपण धरून हसले. "म्हंजे लांजीत नकली नोटा छापनारी पह्यली बाई तुमीच!"

"तेच म्हणते मी. मोहात, धानात भेसळ दिसते तरी. तुमच्या खिशातल्या पैशात भुसा किती, कोण पाहणार?"

"तो हिशेब साऱ्या दुनियेच्या कंप्युटरवर राह्यते. एकानं भुसा टाकला तं बाकीचे पकडते."

"अन् भाव? काल दहाचा, आज सहाचा. अशा पैशानं कोण टमाटर देईल तुम्हाले?"

"टमाटरचा भाव नाई पडत?"

"टमाटर सडला तं चटणी होते, भाऊजी. ह्याची काय होते?"

त्यावर ते घरात निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते स्वतःहून कुंपणाशी आले. "सोन्याची तरी कुठं चटनी होते?" म्हणाले आणि चालू लागले. रात्रभर त्याचाच विचार केला असणार.

एकदा त्यांनी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला गळ घालून त्याच्या फोनमध्ये ते ॲप टाकून घेतलं. मोहल्ल्यातली पाच-सहा माणसं तमाशा पाहायला जमली, त्यात अर्थात मी. भाऊजींनी चहा घेतला, फोनवर बोट ठेवलं. पैसे निघाले, पण पोचेनात. चहावाला फोनकडे पाही, भाऊजी त्याच्याकडे. वाट पाहता पाहता भाऊजींनी आणखी दोन चहा घेतले. शेवटी पोचले, तर कळलं की पाठवायची फीच चहाहून जास्त पडली.

चहावाला म्हणाला, "काका, इससे अच्छा तो आप उधार पी लेते."

सगळे हसले. भाऊजीही हसले, पण कान लाल झाले होते. परत येताना मला म्हणाले, "आज नाई, वहिनी. पन होईल. पह्यली मोटार बी बैलायनं ओढूनच नेली होती."

सरकारवर तर त्यांचा वेगळाच राग. "टॅक्स घेते बराबर, पन पैसा म्हनत नाई. लेकराच्या कमाईतला हिस्सा पाह्यजे, अन् त्याले आपलं नाव द्याले तयार नाई, असा बाप हाय हा." टॅक्स मात्र ते न चुकता भरायचे.

हा ध्यास कुठून आला, ते मला फार उशिरा कळलं. बायको नागपूरला दवाखान्यात असताना त्यांना तातडीने पैसे काढायचे होते. खातं त्यांचं, पैसा त्यांचा, पण सही जुळेना. दवाखान्यात रात्री जागून काढलेल्या माणसाची कशी जुळणार? काउंटरवरचा म्हणाला, उद्या ओळखीचा कुणी घेऊन या. ते मला सांगताना भाऊजी हसत नव्हते. "सोताचाच पैसा, वहिनी, अन् मले इचारून राह्यले, तू कोन? तवाच ठरवलं. ज्या पैशाले कोनाचा भरोसा लागत नाई, तोच आपला." बायको त्या 'उद्या'नंतर फार दिवस राहिली नाही. त्याचा आणि पैशाचा काही संबंध होता की नव्हता, हे मी विचारलं नाही.

मग त्यांच्याच छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी नागपूरला ऑपरेशन सांगितलं. संक्रांत नुकतीच झालेली. जायच्या आधी भाऊजी घरात आले, आमचे हे बाहेर गेलेत याची खात्री केली आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, मृत्युपत्र काढतात की काय.

"वहिनी, माह्या पैशाची चाबी म्हंजे बारा इंग्रजी शब्द हायेत. ह्याच क्रमानं. ज्याच्याजवळ शब्द, त्याचा पैसा. कागदावर लिवाचे नाई. मले काही झालं तं पोरीले सांगजा."

"तिले आत्ताच सांगा नं."

"ती याले जुगार म्हनते. आत्ता सांगतलं तं उद्याच इकून टाकंल."

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणता ह्या पैशाले कोणाचा भरोसा लागत नाही. मंग माझ्याकडे काहून आले?"

त्यांनी खिशावर बोटं वाजवली, पण नेहमीचं वाक्य काही आलं नाही. "तुमाले मंगळागौरीची सारी गानी पाठ हायेत," एवढंच म्हणाले.

आता इंग्रजी शब्द क्रमाने लक्षात ठेवायचे तर कसे? आमच्या पिढीतल्या बाईला पाठांतराची एकच रीत माहीत, यमक जुळवायचं. मी त्या शब्दांचा उखाणा केला. तो इतका झकास जमला की माझ्या पोटात राहीना. भाऊजी नागपूरला भरती झाले आणि इकडे आमच्या गल्लीत हळदीकुंकू. मराठी बायका होत्या, हिंदीवाल्या शेजारणी होत्या. तिळगूळ झाला, वाण झालं, आणि कुणीतरी म्हणालं, "काकू, उखाणा!" माझे नेहमीचे चांदीच्या ताटाचे उखाणे साऱ्यांना पाठ झालेले. मी पदर सावरला आणि सुरू केलं. ती तिजोरी आता रिकामी आहे, म्हणून इथे द्यायला हरकत नाही.

रिव्हरकाठी मँगो, मँगोवर मंकी,
लॅडरवरून कझिननं भरली टंकी;
किचनमध्ये ऑनियन, त्यावर अंब्रेला,
टायगर तिकीट काढून बालाघाटला आला;
विंटरमध्ये भाजीत घालते गार्लिक,
ह्यांचं नाव घेते, हेच घराचे मालक.

बायका लोळायच्या बाकी होत्या. समोरच्या घरची सून, जबलपूरकडची, म्हणाली, "काकीजी, एक बार और, वीडियो बना रही हूँ." आणि मी पुन्हा घेतला! अगदी हातवारे करून. अंब्रेलाला छत्री उघडली, टायगरला पंजा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्हिडिओ मोहल्ल्याच्या ग्रुपवर आला. हौसेने तिने त्यात एकेक इंग्रजी शब्द मोठ्या चमकत्या अक्षरात खाली टाकला होता, रिव्हर, मँगो, मंकी, अगदी क्रमाने. लांजीच्या माझ्या भाचीचा फोन आला, "मावशी, आमच्या ग्रुपवर पण आलं!" भुसा घालताना पकडले गेले असते, तरी मी इतकी घाबरले नसते. ज्याच्याजवळ शब्द, त्याचा पैसा. आणि शब्द तर आता वैनगंगेच्या दोन्ही काठांना पसरले होते.

गप्प राहावं, असं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलं दोनदा वाटलं. कुणाला काय कळतंय, उखाणाच तर आहे. शिवाय ऑपरेशनला निघालेल्या माणसाला असलं सांगायचं तरी कसं? छातीचाच आजार. पण त्या बायकांपैकी एखादीचा नातू तरी ह्या भानगडीतला असेल. मी फोन लावला.

रायपूरहून आलेल्या त्यांच्या मुलीने उचलला. "काकू, बाबाले थोड्या वेळात आत नेऊन राह्यले."

"मंग तं आत्ताच दे, बेटा."

भाऊजी फोनवर आले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे स्ट्रेचरची चाकं वाजत होती.

"भाऊजी, हायेत का तुम्ही?"

"उखाना म्हना."

"अहो, आता काय..."

"म्हना तं."

मी रडत रडत उखाणा म्हटला. जगात असा उखाणा कुणी घेतला नसेल. संपल्यावर ते म्हणाले, "टायगर बालाघाटलेच काहून आला?"

"अंब्रेलाले जुळत होतं."

"हौ. ठेवा फोन."

मी घड्याळाकडे बघायची हिंमत केली नाही. फोन हातात धरून देवापुढे बसले, पण देवाला काय मागायचं तेही सुचेना. मग फोन वाजला. दुसरी तिजोरी करून त्यांनी सारा पैसा तिच्यात हलवला होता, कुणाचा हात पोचायच्या आत. मला वाटलं, आता बोलणी बसतील, आणि ती बसायलाच हवी होती. पण ते म्हणाले, "नवे बारा सांगतो. ध्यान देऊन ऐका." एकेक शब्द सावकाश सांगितला. मागून नर्स म्हणत होती, "अंकल, चलिए." माझ्याकडून सगळे परत म्हणून घेतले, दोनदा, आणि फोन बंद झाला.

ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले. घरी सोडायचंही ठरलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी भाऊजी गेले.

तेरवीनंतर मुलगी घर आवरायला आली. वडिलांच्या फोनचं लॉक तिला माहीत नव्हतं, त्यामुळे त्या पैशापर्यंत जायचा दुसरा रस्ताच नव्हता. मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि तिच्या कानात ते बारा शब्द सांगितले. यमक नाही, हातवारे नाहीत. तिने आपल्या फोनमध्ये एकेक घातला. उघडलं.

"काकू, मी याले जुगार म्हनत होती," ती म्हणाली. "इकून टाकू का?"

मी म्हटलं, तुझं आहे, तू ठरव. उद्या माणसं ह्या पैशाने मीठ घेतील की नाही, मला खरंच कळत नाही. मोह चालला, धान चाललं, भुसा मिसळणाऱ्या पोरी असूनही चाललं. मग हेही चालेल कदाचित. किंवा नाहीही चालणार. त्या दिवशी तरी तिने विकलं नाही.

तिच्यासाठी चहा टाकला आणि इतके दिवस मनात असलेलं विचारलं, "त्या दिवशी माझा फोन ठेवल्यावर चिडले असतील गं तुझे बाबा?"

"नाई वो काकू," ती म्हणाली. "नर्सले म्हने, 'सिस्टर, उमरभर बँकीच्या लायनीत उभा राह्यलो, पन आपली चूक सांगाले सोताहून फोन करनारी बँक म्या आजच पाह्यली.'"