मुलगी या गावी राहत नाही

जहाजावर नेमणूक मिळालेल्या पहिल्या काही बायकांत मी एक. त्यामुळे सत्काराला बोलावतात आणि हटकून विचारतात, मॅडम, समुद्राची भीती नाही वाटली? समुद्राचं काय घेऊन बसलात! मला नौदलात जाण्यापासून अडवायला निघालं होतं ते चोपडा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं माझंच गाव.

निवड झाली, मेडिकल झालं, उरली फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी. मी धुळ्याला हॉस्टेलवर होते. हवालदार गावात जाऊन आले आणि शेरा मारला, सदर नावाची मुलगी या गावी राहत नाही. रुजू व्हायला जेमतेम बारा दिवस होते, आणि कागद वेळेत गेला नाही तर जागा जाणार होती. तशीच एसटीत बसले.

शेजारचे आबा ओट्यावर होते. त्यांनी कौतुकानं सांगितलं, पोलीस तुला शोधत आलेले, पण बठ्ठ्या गावानं, लहानथोर सगळ्यांनी, तोंडाला कुलूप लावलं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. तुम्ही माझं वाटोळं केलंत, म्हटलं त्यांना. ते दुखावले.

घरी तर कहरच. आईनं हवालदारांना सांगितलं होतं, मला मुलगीच नाही. भिंतीवरचा माझा बक्षीस घेतानाचा फोटो तिनं आधीच उतरवून ज्वारीच्या कोठीत घातला होता. मी आरडाओरडा केला. ती भाकरी थापत राहिली.

"तुना बापनी खरं नाव सांगं व्हतं," एवढंच म्हणाली.

जंगलजमिनीच्या कुठल्याशा केसमध्ये वडिलांना पोलिसांनी नुसतं विचारायला म्हणून नेलं आणि पंधरा दिवस सोडलं नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. वाईट वाटलं, पण राग काही उतरला नाही. नौदल म्हणजे नोकरी, अटक नाही, हे मी तिला तीन दिवस समजावत होते. ती मान हलवायची आणि कामाला लागायची.

पुन्हा अर्ज केला, हातापाया पडले, तेव्हा हवालदार परत आले. ही तुमचीच मुलगी का, त्यांनी विचारलं. आईनं माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला रडूच येईल असं वाटलं.

"मनीच शे," ती म्हणाली. "तुम्ही हिले लई जाशात, पन हिले परत कोन आणी?"

हवालदारांनी त्यातले पहिले दोन शब्द लिहून घेतले.