करडीला गेलेला ओटीपी

समजा, तुम्हाला कॉलेजची फी भरायची आहे. आज शेवटची तारीख. तुम्ही सैन्यात, उत्तरेच्या एका उंच डोंगरावर आहात आणि मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीमागच्या दगडावर मिळते. दगडाखाली रांग असते. पैसे आहेत, पण शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्यात, आणि त्या खात्याला नंबर जोडलाय वडिलांचा. म्हणजे ओटीपी जाणार भंडारा जिल्ह्यातल्या करडीला, जिथे वडील बांधीच्या चिखलात धानाची रोवणी करत आहेत. त्यांनी आकडे वाचायचे, तुम्ही ते मुदतीत टाकायचे. भरा.

संघपाल त्या दगडावर चढला. तो अग्निवीर आहे, तेव्हा नोकरीचं तिसरं वर्ष होतं. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो. पहिल्या वर्षाची फी त्याने सुट्टीत येऊन गुपचूप भरली होती. गावात त्याची ओळख म्हणजे भरतीसाठी धावता यावं म्हणून कॉलेज सोडलेला मुलगा. ही दुसऱ्या वर्षाची फी चुकली तर नोकरीची चार वर्षं संपायच्या आत पदवी मिळणार नव्हती.

वडिलांनी, म्हणजे डोमाजींनी, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन फोन उचलला. पण आठवड्यापूर्वीच ग्रामपंचायतीत ऑनलाइन फसवणुकीवर सभा झाली होती. ओटीपी पोटच्या पोरालाही सांगू नका, आता आवाजसुद्धा नकली बनवतात, असं तिथे सांगितलं होतं. डोमाजी शेवटपर्यंत बसले होते, कारण चहा शेवटी होता.

"बाबा, मेसेज आला असन. त्यातले आकडे सांगा."

"कायचे आकडे?"

"कॉलेजच्या फीचे."

इथे डोमाजींचा आवाज कडक झाला. "माहा पोट्टा कॉलेजच्या नावानं पळे. दुसरं घर पाहा."

फोन बंद. ओटीपी मेला.

दुसऱ्या वेळी डोमाजींनी ओळख पटवायला घेतली. दहावीत गणितात किती मार्क, असं विचारलं. संघपालने खरं सांगितलं, पस्तीस. घरी त्याने पंचेचाळीस सांगितले होते, त्यामुळे तो नापास ठरला. दगडाखालच्या रांगेला मात्र त्याचे मार्क कळले.

तिसऱ्या वेळी रांगेतल्या हवालदारसाहेबांनी फोन हातात घेतला आणि हिंदीत हमी दिली की हा तुमचाच मुलगा आहे. डोमाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. आधी नातेवाईक बोलतो, मग हिंदी बोलणारा साहेब येतो, हा क्रम सभेत सांगितलाच होता.

चौथा ओटीपी आला. रांग आता फोन करायचं सोडून ऐकत होती.

"नोकरी लागल्यावर कोनी शिकते का?" डोमाजींनी विचारलं. "तू कायले शिकून राहिला?"

संघपालने रांगेकडे पाठ केली. मग म्हणाला, "बाबा, चार वर्षांनी ठेवतील का घरी धाडतील, मलेच माहीत नाही. भेव वाटते. घरी आलो तं बारावीवालाच नाही येनार, एवढं तरी."

मग डोमाजींनी एकेक आकडा सावकाश वाचला. शेवटचा दोनदा सांगितला.

फी भरली गेली. हवालदारसाहेबांनी पुढच्या माणसाला दगडावर जायला सांगितलं.

सुट्टीत संघपाल घरी आला तेव्हा त्याची आई, तुळसाबाई, त्याला जेवायला वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "तुह्या बापानं पयल्या हॅलोतच वळखलं होतं तुले. मी बाजूलेच रोवत होती. फोन हातानं झाकून मले सांगतलं, संघपाल होय म्हणून."

संघपालने वडिलांकडे पाहिलं. सभेत सांगितलं होतं तसं केलं, एवढं म्हणून डोमाजी हात धुवायला उठले आणि तिथून बांधीतलं पाणी पाहायला निघून गेले.

त्याची बी.ए. आता शेवटच्या वर्षाला आहे. इतिहासातले प्रश्न त्याला जमतात. हा एक तो अजून सगळ्यांना विचारतो: पहिल्या हॅलोतच ओळखलं होतं, तर मला तीनदा चोर काहून बनवलं?