ड्रेसिंग रूममधला व्हिडिओ

एमबीबीएसनंतर सर्जरी शिकायची जागा मिळेल एवढे गुण पडले तेव्हा माझ्यासमोर दोनच इस्पितळं उरली होती. एक घाटावरच्या शहरातलं, जुनं आणि गर्दीचं. दुसरं आमच्याच जिल्ह्यातलं, तळेऱ्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर.

घाटावरचं बघायला मी वडिलांबरोबर गेले. तिथला एक निवासी डॉक्टर जिन्यातच उभा राहून वडापाव खात होता. इथं कसं आहे, असं मी त्याला विचारलं.

"काम शिकाल. झोप विसरा," तो म्हणाला. तेवढ्यात त्याला वॉर्डातून हाक आली आणि उरलेला वडापाव त्याने एप्रनच्या खिशात कोंबला. त्या खिशावर तेलाचा डाग होता आणि शेजारी वाळलेल्या रक्ताचा. मला शिसारी आली. खरं सांगायचं तर त्या खिशापायीच मी ते इस्पितळ मनातून काढून टाकलं. बाकीची कारणं मी नंतर शोधली.

आमच्या जिल्ह्यातल्या इस्पितळात विभागप्रमुखांनी स्वतः फिरवून दाखवलं. ऑपरेशन थिएटर लखलखीत होतं, यंत्रं नवी कोरी. केबिनमध्ये चहाबरोबर खारे काजू आले. वॉर्ड बघायचा होता, पण "आत्ता राउंड चालू आहे, पुढच्या वेळी बघा," असं ते म्हणाले.

वडील हायस्कुलात गणित शिकवतात. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "वॉर्ड कशाक नाय दाखवल्यान?"

आईचं वेगळंच. "जवळ आसा. आयतवारी घरचा जेवाण तरी गावतला चेडवाक."

मी आईचं ऐकलं.

वॉर्ड मी पहिल्या दिवशी बघितला. संडास ज्या फडक्याने पुसला जायचा त्याच फडक्याने खाटांखालची फरशी. पुवाने भिजलेल्या पट्ट्या उघड्या डब्यात, माशांसकट. आमच्या खोलीतली गादी इतकी आंबलेली की मी तीवर घरची गोधडी दुमडून अंथरायची आणि तरी नाक वर करून झोपायची. कॅन्टीनच्या उसळीत झुरळाची तंगडी निघाली तेव्हा माझ्याबरोबरच्या मुलाने ती चमच्याने बाजूला काढली आणि जेवण चालू ठेवलं. काही आठवड्यांनी मीही तेच करू लागले. पू, रक्त, शी, ओकारी यांचंही काही वाटेनासं झालं. हाताला काम लागलं की नाक गप्प बसतं.

मग फोंडाघाटाकडचे एक म्हातारे शेतकरी आले. काजूच्या बागेत पायात काटा गेला होता. साखरेचा आजार, त्यामुळे पायाला दुखणं कळलंच नाही. जखम चिघळली आणि तीत किडे झाले. बरोबर फक्त बायको होती, हिरव्या लुगड्यातली, बारीक अंगाची. तिने नाकाला पदर लावला नव्हता. तिनेच पाय मांडीवर धरून ठेवला होता.

असे किडे काढायला टर्पेंटाइन लागतं. त्याचा बोळा जखमेवर ठेवला की किडे गुदमरून वर येतात, मग चिमट्याने एकेक उचलायचे. मी ते करत होते. म्हातारे डोळे मिटून "आई गे, आई गे" म्हणत होते. तिसऱ्या वर्षाचा आमचा सीनियर मागे येऊन उभा राहिला. शिकवायला आला असेल असं मला वाटलं. त्याने फोन काढला.

"जरा हात बाजूला घे. हां, आता बघ कसे वळवळतायत! पार्टी चाललीय आतमध्ये." तो हसला, दारात उभे असलेले दोघे निवासी डॉक्टरही हसले.

त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. "कित्याक हसतत गो?"

मी सीनियरकडे वळून म्हटलं, "सर, व्हिडिओ नको."

"शिकायला उपयोगी पडतो. आणि चेहरा कुठाय त्यात?"

दुपारी कॅन्टीनमध्ये मी फोनवर आमच्या विभागाचा ग्रुप उघडला. व्हिडिओला एक नाचाचं गाणं लावलेलं होतं, खाली हसणारी तोंडं. म्हाताऱ्यांचा चेहरा नव्हता हे खरं, पण शेवटी कॅमेरा वर गेला होता आणि पाय धरून बसलेल्या त्या बाई स्पष्ट दिसत होत्या. हातातला घास मी ताटात ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन भडाभडा ओकले. सकाळभर किड्यांत हात घालून मला काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी व्हिडिओ बघितला होता.

"हे शैक्षणिक आहे," ते म्हणाले.

"सर, त्याला गाणं लावलंय."

"बरं, गाणं काढायला सांगतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तीन वर्षं इथं काढायची आहेत ना तुला?"

व्हिडिओ तोपर्यंत कुठल्या कुठे गेला होता. कोणी कोणाला पाठवला हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच आठवड्यात म्हाताऱ्यांच्या गावच्या देवळात समाराधनेचं गावजेवण होतं, म्हणून त्या बाई एका दिवसासाठी घरी गेल्या. परत आल्या त्या थेट माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"माका विळयेवरना उठवल्यानी," त्या म्हणाल्या. "दरवर्षी भाजी मीच चिरतंय. औंदा म्हणतत, तू बाजूक बस. सगळ्यांच्या फोनात आमचो पाय आसा."

नवऱ्याचा पाय त्यांनी 'आमचो' म्हटला.

"मी त्यांना नको म्हटलं होतं, काकी," मी म्हणाले. ते वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच मला त्याची घाण वाटली.

पायाचं विष वर चढू लागलं होतं. गुडघ्याखालून पाय काढायला हवा होता. सीनियर संमतीची सही घ्यायला आला तेव्हा बाईंनी हात मागे घेतला.

"हय कापूक देवचंय नाय."

"मरेल तो."

"मरांदे. पण तुमच्या हातात नको."

त्यांनी भाच्याची जीप बोलावली. मी म्हाताऱ्यांना चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं, औषधं समजावली, घाट चढून कोल्हापूरला कुठल्या प्रकारच्या डॉक्टरकडे जायचं ते भाच्याला सांगितलं. वर आले तर सीनियर नर्सबाईंना म्हणत होता, "गेली ब्याद. वॉर्डाचा वास तरी कमी होईल."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, मला तुमची किळस येते."

तो आधी हसला. मग हसला नाही. ते वर्षभर मला थिएटरमध्ये हात धुऊन उभं राहायला मिळालं नाही. ड्रेसिंगं माझी, कागद माझे, ऑपरेशनं इतरांची. जे लखलखीत थिएटर मला पहिल्या भेटीत फिरवून दाखवलं होतं त्याच्या दाराबाहेर मी चपला काढून ताटकळत असे. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सोडूचा आसा तर सोड. मी आसंय." मी सोडलं नाही. सोडलं असतं तर ड्रेसिंगं सीनियरच्या हाती गेली असती, असं मी स्वतःला सांगायचे. थोडा हट्टही होता.

सीनियर पास झाला. हायवेला त्याचं स्वतःचं हॉस्पिटल झालं. उद्घाटनाच्या फोटोत विभागप्रमुख फीत कापताना दिसतात. आमंत्रण मलाही होतं. मी ते फोनवरून काढून टाकलं आणि नंतर बराच वेळ हात धूत बसले.

पुढच्या वर्षी तळेऱ्याच्या स्टँडवर त्या बाई दिसल्या. कडेला पिशव्या ठेवून त्या गाडीची वाट बघत होत्या. मी जवळ गेले. त्यांनी मला ओळखलं.

"काका कसे आहेत?"

"पाय काडल्यानी कोल्हापुरात. लाकडी पायान चलतत. बरे आसत."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो पिशवीच्या बंदात अडकवला.

"तू तेवां हसलंस नाय, ह्या माका ठाऊक आसा गो," त्या म्हणाल्या. "पण तुका बघलंय की माका ता सगळा दिसता."

फोंडाघाटाची एसटी लागली. पिशव्या चढवू का, असं मी विचारलं. त्या नको म्हणाल्या आणि एकेक करून स्वतःच चढवल्या.