खिडकीजवळचा बाक

रिकाम्या वर्गात आपलाच आवाज परका वाटतो. प्रवेश घेण्याआधी कॉलेज बघून यावं म्हणून मी लेकीला घेऊन गेले होते. होस्टेलच्या, मेसच्या चौकशा मीच करत होते. ती मात्र वर्गात शिरून एकेका बाकावर बसत, फळा नीट दिसतो का ते बघत होती. शेवटी खिडकीजवळचा बाक तिला पसंत पडला. मी सहज तिच्या शेजारी टेकले. बाकावर कुणीतरी कर्कटकानं दोन नावं कोरली होती.

"आई, तिथं माझी मैत्रीण बसेल," ती हसून म्हणाली.

त्या गावात ती अजून कुणालाच ओळखत नव्हती. तरी मी उठले. जिचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं, त्या मुलीला जागा करून दिली.