टायरातलं पाणी

पंक्चर काढणाऱ्या माणसाला एक खोड लागते. हवा कुठून जाते ते सापडेपर्यंत त्याला चैन पडत नाही. गल्लीच्या तोंडाशी घर आणि दुकान असलेल्या हवाकाकांना ही खोड जरा जास्तच होती. काकू डेंग्यूतून उठून दवाखान्यातून घरी आल्या, तेव्हा "बरं वाटतं का गं?" च्या पाठोपाठ त्यांनी विचारलं, "पण हा डास आला कुठून?"

प्रश्न रिकामटेकडा नव्हता. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "एकदा झाला म्हणजे सुटलात असं समजू नका. पुन्हा झाला तर जिवावर बेतू शकतं. आणि हा डास फार लांबून येत नाही. घराच्या आसपासच शोधा." काकूंना चार पावलं चालताना धाप लागत होती. 

तसे काका आधीही गाफील नव्हते. रोज रात्री घर धुराने कोंदेल इतक्या कॉइल जाळायचे. "हा दिवसा चावतो," बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. "सकाळी आणि ऊन उतरल्यावर जास्त. तापाच्या माणसाला चावतो, मग काही दिवसांनी तोच दुसऱ्याला चावून ताप देतो. म्हणून आजाऱ्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवायचं." काकांनी कपाळाला हात लावला. चोर दिवसा येऊन जात होता आणि हे रात्री पहारा देत होते.

"म्हणजे गटारातच असणार," म्हणणाऱ्या काकांना बाईंनी दवाखान्यातच अडवलं होतं. "घाण पाण्यात नाही, साठलेल्या चांगल्या पाण्यात बघा." काकांनी पिंप पाहिलं, त्यावर झाकण होतं. फ्रिजमागचा ट्रे कोरडा होता. दुकानातल्या टबातलं पाणी ते रोज बदलत. मग दुकानामागच्या जुन्या टायरांत हात घातला, तर कोपरापर्यंत भिजला, आणि ओंजळीत अळ्यांची वळवळ सुरू झाली.

दुसरा कोणी ते लगेच ओतून मोकळा झाला असता. काकांनी ग्लासभर पाणी घेतलं, वर फडकं बांधलं आणि गिऱ्हाईक ताटकळत ठेवून बघत बसले.

"अगं, ये बघ! डोकं खाली, शेपूट वर. शेपटीनं हवा घेतात ह्या!"

"मग द्या की भरून. तुमचाच धंदा आहे," काकू आतून म्हणाल्या.

आठवडा उलटला आणि फडक्याखाली एक काळा डास बसला होता, पायांवर पांढरे पट्टे. काकांनी तो काकूंना दाखवला नाही. ग्लासात साबणाचं पाणी ओतलं, सगळे टायर उपडे केले आणि जिंकल्याच्या थाटात चहा घेतला.

पंधरा दिवसांनी पाऊस पडून गेला. सहज म्हणून बघितलं, तर टायरांत पुन्हा वळवळ. काका चक्रावले. कोरडेठाक टायर, मग ही आली कुठून? ते तडक दवाखान्यात गेले. बाई म्हणाल्या, "अंडी कडेला चिकटून राहतात. महिनोन्महिने कोरडी असली तरी मरत नाहीत. पाणी लागलं की फुटतात. घासून काढा, आणि पाणी साठूच देऊ नका."

त्या दुपारी काकांनी तारेच्या ब्रशने एकेक टायर आतून खरवडला. मग ड्रिल काढलं. जन्मभर भोकं बुजवलेला माणूस टायरांना चहूकडून भोकं पाडत बसला. गल्लीतले येणारेजाणारे थांबून बघू लागले. काकू दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेवटचा टायर राहिला आणि काकांचा हात थांबला.

"म्हणजे तुला चावला तो यातलाच."

"असेल."

"तुला कधी कळलं?"

"बाई 'आसपास' म्हणाल्या तेव्हाच. पण तुम्हाला माझं सांगितलेलं कधी पटतंय? स्वतःला सापडावं लागतं. हे टायर टाका, टाका म्हणून किती वर्षं ओरडतेय मी."

काकांचे डोळे भरून आले. "मी म्हटलं, ठेवावेत. लागतील कधीतरी."

"लागले ना," काकू म्हणाल्या. "मलाच लागले."

 काकांनी शेवटचा टायर जवळ ओढला.