आवाज बसला त्या सकाळी

मी शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीच्या पाळकांनी माझ्याकडे एक काम सोपवलं. रोज सकाळी मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं चिंतन बोलायचं, शेवटी छोटी प्रार्थना करायची आणि मंडळीच्या ग्रुपवर पाठवायचं. ग्रुपवर कुणी ड्युटीला निघालेलं, कुणी रात्रीची शिफ्ट करून आलेलं, काही म्हाताऱ्या बायका, ज्यांना आता चर्चपर्यंत येणं झेपत नाही. "बाई, जन्मभर वर्गात बोललात, आता आमच्यासाठी बोला," पाळक म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मनातून हुरळलेच होते.

आम्ही कामतघरला राहतो. समोरच्या गल्लीत कापड विणणाऱ्या लूमचे गाळे आहेत, सतत खडखडाट. बाहेरच्या खोलीत बसून बोललं की रेकॉर्डिंगमध्ये माझ्यापेक्षा लूमच जास्त ऐकू यायचे. म्हणून मी आतल्या खोलीत, भिंतीला लागून असलेल्या पलंगावर मांडी घालून बसायची. सकाळी बरोब्बर साडेसहाला. आमचे हे तेव्हा मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर होते. डबा घेऊन ते निघाले की तेवढाच वेळ माझा. मांडीवर बायबल, हातात आदल्या दिवशी लिहून ठेवलेला कागद. मुलांना गोष्ट सांगताना लावायचे तोच आवाज लावायची. लोकांना आवडायचं. रोज हात जोडलेल्या चित्रांची रांग लागायची ग्रुपवर.

मी शांतीवर बोलले, क्षमेवर बोलले. मनातला राग सूर्य मावळायच्या आत सोडून द्यावा, यावर तर इतकं सुंदर बोलले की पाळकांनी फोन करून शाबासकी दिली.

आणि शेजारच्या काकूंशी मी दोन वर्षं बोलत नव्हते.

काकू सत्तरीच्या. एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. यजमान वारलेले, मुलगा परदेशात, घरात त्या एकट्या. आमच्या दोघींच्या आतल्या खोल्यांमध्ये एकच भिंत. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या यांनी त्या भिंतीत ड्रिल मारलं, फळीसाठी. पलीकडे काकूंच्या भिंतीवरची एक फ्रेम खाली पडली आणि काच फुटली. त्या दारात येऊन म्हणाल्या, "बाई, सांगून तरी मारायचं. मी उतरवून ठेवली असती." एवढंच. पण माझ्या घरात सणाची गडबड, करंज्यांचं सारण गॅसवर, आणि मी फटकन बोलून गेले, "तुमचा खिळाच ढिला असेल, त्याला आम्ही काय करणार?" त्या परत गेल्या. त्या वर्षी मी त्यांच्याकडे फराळाचं ताट पाठवलं नाही. पुढच्या दिवाळीत त्यांच्याकडून आमच्याकडे आलं नाही. जिन्यात समोरासमोर आलो तर मी पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखं करायची.

मग थंडीत एका सकाळी मी उठले ते आवाजाशिवायच. घसा पार बसला होता. यांना चहा हवा का विचारायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. हे हसत म्हणाले, "आज देवाला सुट्टी दिलीस का?" आणि डबा घेऊन गेले. मी कागद हातात घेऊन पलंगावर बसून राहिले. साडेसहा वाजले, पावणेसात झाले.

दारावर टकटक झाली. उघडलं तर काकू. अंगावर शाल, हातात वाफाळणारं पातेलं.

"आज आवाज नाही आला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बरं आहे ना?"

मी गळ्याला हात लावून खूण केली.

"वाटलंच मला. कालच खरखर येत होती. आलं, गवती चहा आणि गूळ आहे. गरम आहे तोवर घ्या."

मी पातेलं हातात घेतलं. घोगऱ्या कुजबुजीत कसंबसं विचारलं, "तुम्हाला ऐकू जातं?"

"आता भिंतच केवढी! शुक्रवारी लूम बंद असले की शब्द न् शब्द येतो. एरवी कान द्यावा लागतो." त्या आत येऊन खुर्चीवर टेकल्या. "मी चहा घेऊन बसते रोज भिंतीपाशी. तुमचं झालं की मग माझी देवपूजा. तुम्ही शेवटी म्हणता ना, देवबापा, आमच्या शेजाऱ्यांना सांभाळ? मग मी इकडून हात जोडते. म्हटलं, आपलंच नाव घेतायत, तर नमस्कार करावा."

माझे कान तापले. ते वाक्य मी रोज म्हणायची खरी, पण तोंडपाठ होतं म्हणून. शेजारी म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे कधी कुणी आलेलंच नव्हतं. आणि भिंतीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, ही बाई रोज हात जोडून बसत होती.

मी तो काढा प्यायले.

"मग आज लोकांचं काय? वाट बघत असतील ना?" काकूंनी विचारलं. "द्या इकडे कागद. मी वाचते. आमच्या साहेबांची भाषणं टाइप करून मीच आधी वाचून दाखवायची त्यांना."

मी कागद दिला. त्यांनी तो लांब धरला, मग नाकाशी आणला, मग खिडकीकडे तिरका केला. शेवटी मांडीवर ठेवला.

"नाही दिसत हो. मोतीबिंदू पिकलाय दोन्ही डोळ्यांत." मग एकदम उत्साहात म्हणाल्या, "असं करा, तुम्ही कुजबुजा, मी मोठ्याने म्हणते!"

तसंच केलं. मी त्यांच्या कानाशी एकेक वाक्य कुजबुजायची, आणि काकू मोबाइल तोंडासमोर धरून खणखणीत आवाजात ते म्हणायच्या. मधेच थांबून मला दटावलं, "हे वाक्य फार लांब झालं, दोन करते." आणि केली. त्या दिवशीचा विषय होता आजाऱ्यांची विचारपूस. मी लिहिलं होतं, आपण दुःखितांच्या सेवेस तत्पर असावे. काकूंनी सरळ सांगितलं, "कुणी आजारी असेल तर जाऊन बघून या, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका." शेवटी आमेन मात्र अगदी जोरात म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर ना?" तेही रेकॉर्ड झालं.

ग्रुपवर धमाल उडाली. या कोण, या कोण, असं सगळे विचारायला लागले. एका आजींनी लिहिलं, आज पहिल्यांदा सगळं समजलं. मी ते कुजबुजत काकूंना वाचून दाखवलं तेव्हा त्या शाल तोंडावर धरून हसल्या. मीही हसले, आवाज न काढता, पोट दुखेपर्यंत.

मग मी विचारलं, ऑपरेशन का नाही केलं?

"दोनदा तारीख मिळाली होती. ऑपरेशन काय, अर्ध्या तासाचं. पण नंतर महिनाभर दिवसातून चार-पाच वेळा थेंब घालावे लागतात. माझे हात थरथरतात. मुलगा म्हणतो बाई ठेव, पण थेंबांसाठी कुठली बाई येणार?"

"मी घालीन," मी म्हटलं. आवाज नसल्यामुळे ते वाक्य फारच हळू आलं, पण त्यांनी ऐकलं.

पंधरा दिवसांनी, आधी एका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, मी त्यांच्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. आत नेताना त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "तुमच्या देवाला सांगून ठेवा. माझ्याला मी सकाळीच सांगितलंय." बाकावर बसून मी प्रार्थना केली. कागद नव्हता. मोठे शब्दही आठवले नाहीत. "हिला दिसू दे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून थेंब सुरू झाले. त्यांच्या आतल्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. माझ्या पलंगाच्या बरोबर पलीकडे त्यांची खुर्ची होती, आणि खुर्चीच्या वर ती फ्रेम. त्यांच्या यजमानांचा फोटो. काच नव्हतीच, नुसता कागद चौकटीत लावलेला, एका कोपऱ्यात धुळीने पिवळा पडलेला. मला वाटलं होतं, असेल एखादं निसर्गचित्र.

काकू मान मागे टाकून, डोळा उघडा धरून बसल्या होत्या. मी बाटली हातात धरून तशीच उभी.

"काकू, मला माहीत नव्हतं. हा फोटो होता ते."

"थेंब घाला आधी, डोळा झोंबतोय."

मी घातले. त्यांनी डोळा मिटला. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "काचेचं काही नाही हो. तुम्ही बोललात त्याचं वाईट वाटलं. मग ते तुमचं सकाळचं सुरू झालं. पहिले काही दिवस मी रागानेच ऐकायची. म्हटलं, बघू तरी ही बाई काय सांगते! मग सवय लागली."

"मला माफ करा," मी म्हटलं. आयुष्यभर मुलांना म्हणायला लावलेलं वाक्य, पण ते म्हणून झाल्यावर मला नाक ओढावं लागलं.

"केलं कधीच. आता रडू नका, तुमच्या हातात माझा डोळा आहे."

दोघी हसलो. त्याच संध्याकाळी यांनी काच बसवून आणली आणि खिळाही नवीन ठोकला, या वेळी विचारून.

चार-पाच वेळा थेंब म्हणजे चार-पाच वेळा गप्पा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या मला जुन्या कचेरीतल्या गमती सांगायच्या, मी त्यांना वर्गातल्या. माझ्या चिंतनांचे कागद त्या आता आदल्या दिवशीच ऐकून घेत आणि जड शब्द काढून टाकायला लावत. प्रार्थनेतही फरक पडला. सगळ्यांना सांभाळ म्हणणं मी सोडलं. रोज कुणातरी एकाला डोळ्यांपुढे आणायचं, आणि आमेन झाल्यावर त्या माणसाला फोन करायचा किंवा भेटून यायचं. कधी कधी वाटतं, प्रार्थनेचा खरा भाग आमेननंतरच सुरू होतो. पण हे मी ग्रुपवर अजून बोललेले नाही. काकू म्हणाल्या, "हे बोलू नका, करा नुसतं."

महिन्याभराने नवा चष्मा आला. त्या दिवशी यांची गोदामातली ड्युटी लवकर सुटणार होती. काकू म्हणाल्या, "चला, त्यांना आणायला जाऊ. मला रस्ता बघायचाय." आम्ही दोघी रिक्षा करून मानकोलीला निघालो. कामतघरपासूनच त्यांचं वाचन सुरू झालं. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या वेळा, भिंतींवरच्या जाहिराती, सगळं मोठ्याने. एका पाटीवरची वेलांटी चुकली होती तर रिक्षा थांबवून मला दाखवली. पुढे हायवेला लागलो तर गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांची ही रांग. काकू बाहेर डोकं काढून प्रत्येक ट्रकचा पाठचा मजकूर वाचायला लागल्या. नंबर, गावाचं नाव, आईचा आशीर्वाद, हॉर्न द्या, काही म्हणजे काही सोडलं नाही.

रिक्षावाला खारबाव गावाकडचा होता. तो आरशातून बघत हसला. "आजी, दमान घ्या. पुढं अजून लय ट्रक हायेत."

"असू देत," काकू म्हणाल्या, आणि चष्मा नीट बसवून पुढचा ट्रक वाचायला लागल्या.