ठोक्या थांबायला शिकला

माझा धाकटा भाऊ दिवसभर गाड्यांचे पोचे काढतो आणि संध्याकाळी ड्रम वाजवतो. त्यामुळे गॅरेजात आणि बँडमध्ये, दोन्हीकडे त्याचं नाव एकच पडलंय: ठोक्या. आईवडील गेल्यापासून आम्ही दोघं एकाच घरात राहतो. पुढच्या खोलीत माझं शिवणयंत्र आणि पडद्यांचे तागे, मागच्या खोलीत त्याचे ड्रम. त्या खोलीच्या भिंतींना मी जुन्या गाद्या शिवून लावल्या आहेत. प्रेमापोटी नव्हे, शेजाऱ्यांच्या भीतीपोटी.

तो वाजवतो ते मेटल. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांना एवढंच सांगते, की त्यांचा गाणारा गातोय की त्याला विंचू चावलाय हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्या मुलाला विंचूच म्हणते आणि तो बिचारा ओ देतो. ऐकून ऐकून माझे कान किटले. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. ही मेटलवाली माणसं दिसायला रानटी. काळे टी-शर्ट, त्यांवर कवट्या (आमच्या घरातल्या कवट्या दोरीवर मीच वाळत घालते). ऐकायला बसली की मात्र पहिल्या बाकावरची मुलं. एखादा बँड आवडला की तो कुणाला ऐकून शिकला, ते आणखी कुणाला ऐकून शिकले, असं खणतच जातात. ठोक्याही खणत गेला आणि मेटलच्या तळातून भलतीकडेच निघाला. कुठल्या वाळवंटातली गिटार, कुठल्या डोंगरातली एकाच घशातून दोन सूर काढणारी माणसं, कुठल्या बेटावरचे प्रेतयात्रेचे ढोल. घरात रोज नवा देश. जेवताना मी विचारायचे, "आज कुठे आहोत आपण?"

बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या दाढीवाल्याला हे पटत नव्हतं. "पाहुण्यांकडे जाऊन यावं, बिऱ्हाड करू नये," असं तो म्हणायचा. ठोक्या ऐकून घ्यायचा आणि स्वतःचंच खरं करायचा. तो लहानपणापासून तसाच आहे. एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर लॉन्ड्री आहे. तिथल्या इस्त्रीवाल्या मावशी दूरच्या, थंड, डोंगराळ देशातून इथे आल्या त्याला आता फार काळ लोटला. आपली भाषा त्यांना येते, पण त्या ती मिठासारखी वापरतात, लागेल तेवढीच. माझे पडदे त्याच दाबून देतात. शर्टांना इस्त्री करताना त्या गप्प असतात. जाड पडदा किंवा ब्लँकेट आलं की गुणगुणतात. एकदा मी ठोक्याला पडदे आणायला खाली पाठवलं, तर स्वारी हात हलवत वर आली. डोळे मात्र चमकत होते.

"ताई, मावशी काय गातात ते ऐकलंस का कधी?"

"पडदे कुठायत?"

"अगं, पडदे राहू देत!"

दुसऱ्या दिवशी तो खाली जाऊन मावशींना विचारून ते गाणं फोनमध्ये घेऊन आला. आणि इथेच त्याने माती खाल्ली.

मेटलवाले रेकॉर्डिंग करताना कानात टिकटिक लावून वाजवतात. टिकटिकीच्या केसभर मागेपुढे झालं तरी त्यांना पाप वाटतं. मावशींचं गाणं त्या टिकटिकीवर काही केल्या बसेना. ओळ संपली की त्या थांबायच्या, कधी थोडं, कधी जास्त, आणि कडव्याच्या शेवटी तर इतकं की गाणं संपलं असंच वाटावं. ठोक्याला वाटलं, वय झालंय, दम लागत असेल. त्याने कॉम्प्युटरवर ते सगळे थांबे कापले, ओळी एका रेषेत आणल्या आणि खालून दोन्ही पायांचा ड्रम सोडला. दिवसभर पोचे काढणाऱ्या माणसाने गाण्याचाही पोचा काढला. ऐकायला ते झकास झालं होतं, खोटं कशाला बोलू? दाढीवालासुद्धा विरघळला. त्या वर्षी मोठ्या हॉलमधल्या मेटलच्या कार्यक्रमात शेवटी वाजवायचा मान पहिल्यांदाच यांच्या बँडला मिळाला होता. याच गाण्याने शेवट करायचा असं दाढीवाल्याने जाहीरही करून टाकलं.

ठोक्या मोठ्या ऐटीत ते मावशींना ऐकवायला गेला. मी पडद्यांचा गठ्ठा घेऊन मागे उभी होते. मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली, हेडफोन कानाला लावले. अर्ध्यातच काढले.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या. "हे वाजवू नको."

"मावशी, पण सूर तर तुमचेच आहेत..."

"वाजवू नको." आणि त्यांनी इस्त्री पुन्हा हातात घेतली.

बँडची बैठक आमच्याच घरी झाली. दाढीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "कुणी लिहिलेलं गाणं नाही ते. कुणाच्या मालकीचं नाही. त्यांना विचारायचंच कशाला?"

"मी विचारून घेतलंय," ठोक्या म्हणाला. "आता त्या नाही म्हणाल्या तर नाही."

"आणि कार्यक्रम?"

"त्या हो म्हणाल्या तर ते गाणं वाजेल. नाहीतर ते वाजवायला दुसरा ड्रमवाला शोधा."

हा बँड त्याने पोरवयात उभा केला होता. लग्न केलं नाही, नोकरी बदलली नाही, सगळं त्या बँडपायी. मी मशीनवर बसल्या बसल्या ऐकत होते आणि मला भीती वाटली. ते तिघं गेले तर या माणसाकडे गॅरेज आणि मी, एवढंच उरणार होतं. मी काही फार करमणुकीची बाई नाही.

दुसऱ्या दिवसापासून ठोक्या गॅरेजातून सुटला की थेट लॉन्ड्रीत. मावशी बोलत नव्हत्या. हा कोपऱ्यात उभा राहायचा. मी म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. पण ओलं ब्लँकेट आलं की त्याचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि हा तर हाताशीच उभा. मावशींनी एक टोक त्याच्याकडे फेकलं. पुढे रोजच फेकू लागल्या. तो पिळायचा, घड्या घालायचा, मनगटं दुखली तरी हूं की चूं करायचा नाही. शेवटी एकदा त्याने विचारलंच, "मावशी, मी कुठे चुकलो?"

"तू नुसतं ऐकलंस," मावशी म्हणाल्या. "ते कामाचं गाणं आहे."

मग त्यांनी सांगितलं. एरवी महिन्याभरात बोलतात तेवढं त्या एका संध्याकाळी बोलल्या. त्यांच्या गावात बायका लोकरीचा नमदा करायच्या, म्हणजे लोकर न विणता नुसती दाबून केलेलं जाड अंथरूण. ओली लोकर चटईत गुंडाळायची, तिची लांबच लांब वळकटी करायची, ओळीने गुडघ्यांवर बसायचं आणि कोपरापर्यंतच्या हातांनी ती लोळवत न्यायची. एकीने ओळ गायची, बाकीच्यांनी ढकलायचं. लोकर जसजशी घट्ट होते तसतशी वळकटी जड होते. म्हणून थांबा मोठा होत जातो. शेवटच्या टोकाची बाई पोचली, की मगच पुढची ओळ.

"आणि ती पोचलीच नाही तर?" ठोक्याने विचारलं.

"थांबायचं," मावशी म्हणाल्या.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी त्याने मालकाला विचारून गॅरेज उघडलं, मधल्या गाड्या बाहेर काढल्या, फरशी धुतली. माझ्याकडचं सगळ्यात जाड पडद्याचं कापड पाण्यात भिजवून जुन्या चटईत गुंडाळलं. बँडला बोलावलं. मावशींना मीच हाताला धरून घेऊन गेले. दाढीवाला दारातच अडला. "आपण गाणं बसवायला आलोय की धुणं धुवायला?"

"गुडघ्यावर बस," ठोक्या म्हणाला. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. दाढीवाला बसला.

चौघं धटिंगण काळ्या टी-शर्टात ओळीने गुडघ्यांवर. शेवटच्या टोकाला बेस गिटार वाजवणारा बेसवाला, त्याचा खांदा जुना दुखरा. मावशींनी पहिली ओळ म्हटली आणि दाढीवाल्याने असा जोर लावला की वळकटी एका बाजूने पळाली, दुसऱ्या बाजूला बेसवाला मागे राहिला, आणि चटई तिरकी होऊन भिंतीवर आदळली. पुन्हा केलं, पुन्हा तिरकी. विंचू ओरडला, "अरे, जरा थांबा की त्याच्यासाठी!" दाढीवाला मान वाकडी करून बेसवाल्याकडे बघायला लागला. बेसवाला ओठ दाबून ढकलत होता. तो पोचेपर्यंत दाढीवाला थांबला, मावशींनी पुढची ओळ उचलली आणि वळकटी पहिल्यांदा सरळ गेली. मावशी हसल्या. मी त्यांना हसताना तोवर पाहिलं नव्हतं.

बराच वेळ झाला, सगळे घामाने निथळत होते. दाढीवाला तापट डोक्याचा असला तरी कानाचा पक्का आहे. त्यानेच विचारलं, "मावशी, ओळींमधले थांबे कळले. पण कडव्याच्या शेवटचा एवढा मोठा का? बेसवाला तर केव्हाच पोचतो."

मावशींनी पदराला पुसावेत तसे एप्रनला हात पुसले.

"शेवटी माझी धाकटी बहीण बसायची. हात काड्यांसारखे. तिला फार वेळ लागायचा. मग एका हिवाळ्यात ती तापाने गेली. पुढच्या वर्षी आम्ही तिची जागा कुणाला दिली नाही. गाणारी मीच होते. मी म्हटलं, मी तेवढंच थांबणार. सगळ्या थांबायला लागल्या."

ठोक्या खाली बघत होता. "म्हणजे मी तिलाच कापलं," तो म्हणाला. मला त्याची इतकी दया आली की त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण चारचौघांत त्याला चाललं नसतं. त्याने खिशातून फोन काढला, ते गुळगुळीत केलेलं गाणं मावशींच्या देखत पुसून टाकलं. मग सरळ त्यांच्या समोर बसला.

"मावशी, मी पुन्हा बसवतो. परवानगी द्या. नाही म्हणालात तरी मी ब्लँकेटं धरायला येणारच आहे."

मावशींनी चटईची कड सारखी केली. "कानात टिकटिक नको," त्या म्हणाल्या. "आणि किती थांबायचं ते मी सांगणार नाही. ते तुझं तू बघ."

त्यांनी विंचवाला शब्द शिकवले. पुढचे सगळे दिवस मागच्या खोलीतून तेच गाणं. टिकटिक नाही म्हटल्यावर सुरुवातीला चौघं चार दिशांना जायचे. दाढीवाला वैतागायचा, दार आपटायचा, परत यायचा. ठोक्या एकच म्हणायचा, "पुन्हा." त्या एका शब्दाने मी झोपेत दचकायला लागले होते.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी आणि मावशी बाजूच्या खुर्च्यांवर बसलो. मी दोघींच्या कानांसाठी कापसाचे बोळे नेले होते. मावशींनी त्यांचे परत माझ्या हातात दिले. हॉल तरुण पोरांनी गच्च भरला होता, सगळ्यांच्या छातीवर कवट्या. शेवटचं गाणं सुरू झालं. विंचवाच्या घशातून मावशींच्या गावचे शब्द येत होते, खालून ड्रम जड होत चालला होता, ओळीमागे ओळ सरकत होती, आणि ती पोरं नकळत पुढेमागे झुलायला लागली. मला, जिचे कान किटलेले, तिलाही दंडात ओढ जाणवली.

मग कडवं संपलं आणि सगळं थांबलं.

ठोक्याच्या काठ्या हवेत. आधी वाटलं, आता वाजवेल. वाजवलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "संपलं का रे?" चारदोन जण हसले. दाढीवाल्याचा हात तारांवर होता, त्याची नजर ठोक्यावर, पण हात हलला नाही. तालमीत हा कधी एवढा थांबला नव्हता. वाजव रे बाबा, मी मनात म्हणत होते, हसं होईल, वाजव. हसणारे गप्प झाले. सगळा हॉल गप्प झाला. ठोक्या समोर बघत होता, कुणीतरी दुरून येत असावं तसा, आणि त्याच्या चेहऱ्यावर जराही घाई नव्हती.

मग काठ्या खाली आल्या आणि चौघंही एकाच वेळी त्या आवाजात उतरले. हॉल फुटायचा बाकी राहिला. मी रडत होते हे मला नंतर कळलं. मावशींचे डोळे मिटलेले होते. मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, "मावशी, बरोबर थांबला ना?"

"जास्तच थांबला," मावशी म्हणाल्या. "पण पोचली ती."